रक्ताची जमाबंदी

ज्या प्रदेशाची राजधानी प्रथम गुलबर्ग्यास (आजच्या कलबुर्गीस) व पुढे बीदरास होती, ज्याने बहामनी, बरीदशाही, आदिलशाही, मोगल आणि आसफजाही असे अंमल एकामागून एक पाहिले आणि ज्याच्या वाट्यास 1956 साली भाषावार प्रांतरचनेची सरहद्द आली, त्या प्रदेशात वैद्याचे रक्ताशी असलेले नाते शतकानुशतके एकाच प्रकारचे होते: तो रक्त काढीत असे. सुश्रुतसंहितेने जळू, तुंबडी आणि शिरावेध यांचा विधी सांगून ठेवला होता. दिल्ली आणि इराण यांच्या वाटेने दख्खनेत आलेल्या युनानी वैद्यकाने खून, बलगम, सफरा आणि सौदा अशा चार द्रवांचा सिद्धांत आणला आणि त्यांतील एखादा वाढला म्हणजे शीर उघडावी हा उपचारही बरोबर आणला. शहरात हे काम जर्राह करी, खेड्यांत ते गावच्या न्हाव्याकडे किंवा तुंबडी घेऊन फिरणाऱ्या वैदूकडे असे. परंपरा दोन, ग्रंथांच्या लिपी दोन, परंतु रोग्याच्या दंडाजवळ येताच दोघींचे एकमत होई, की रक्त दूषित झाले आहे, ते बाहेर पडले पाहिजे. एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घालावे आणि त्याने तो जगावा, ही कल्पना या दोन्ही शास्त्रांच्या दप्तरात कोठेही नाही.

युरोपातही ही कल्पना फार जुनी नव्हे. फ्रान्समध्ये 1667 साली झां देनी याने कोकराचे रक्त माणसाला दिले, आणि अशा प्रयोगांतून पुढे रोगी दगावल्यावर तेथील अधिकाऱ्यांनी त्यांस मनाई केली. लंडनच्या जेम्स ब्लंडेल याने 1818 पासून माणसाचेच रक्त माणसास देण्याचे प्रयोग केले, ते मुख्यतः प्रसूतीनंतर रक्त वाहून मरणाच्या दारी गेलेल्या स्त्रियांसाठी. काही वाचल्या, काही गेल्या. कोण वाचेल आणि कोणास थंडी भरून, कंबर दुखून, काळसर लघवी होऊन काही तासांत मृत्यू येईल, हे आधी सांगण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. ते साधन 1901 साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने दिले. आपल्या व आपल्या सहकाऱ्यांच्या रक्तातील लाल पेशी आणि रक्तरस निरनिराळे करून त्याने एकाचा रक्तरस दुसऱ्याच्या पेशींत मिसळून पाहिला. काही जोड्या निवळ राहिल्या, काहींत पेशींच्या गुठळ्या झाल्या. त्यावरून त्याने माणसांचे तीन गट पाडले. पुढच्याच वर्षी त्याच्याच वर्तुळातील डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी चौथा गट दाखविला, आणि ए, बी, एबी व ओ अशी आज शाळकरी मुलांच्या तोंडी असलेली चौकडी पुरी झाली. न्यूयॉर्कच्या रूबेन ओटेनबर्गने 1907 साली रक्त देण्यापूर्वी दाता आणि रोगी यांच्या रक्ताची जुळणी प्रत्यक्ष पाहण्याचा प्रघात पाडला. 1914 नंतर सायट्रेट घालून रक्त न गोठता ठेवता येऊ लागले. लँडस्टायनरला नोबेल पारितोषिक मिळावयास मात्र 1930 साल उजाडावे लागले.

या शोधाचा हिंदी माणसाशी पहिला मोठा संबंध आला तो इस्पितळात आला नाही, तो रणभूमीवर आला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मॅसिडोनियाच्या आघाडीवर, सालोनिका येथे, लुडविक आणि हांका हिर्झफेल्ड या पोलिश दांपत्याने तेथे जमलेल्या नाना देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले व 1919 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांत हिंदी पलटणींतील शिपाई होते. युरोपीय सैनिकांत ए गट पुष्कळ आणि बी थोडा, तर हिंदी शिपायांत बी गट शेकडा 40 च्या आसपास, असे त्यांना आढळले. हिर्झफेल्डांनी या आकड्यांवरून वंशांच्या उगमाविषयी जी अनुमाने बांधली ती पुढे टिकली नाहीत, आणि ती टिकली नाहीत हे बरेच झाले. परंतु रक्तगटांचे प्रमाण देशपरत्वे बदलते, सबब एका देशाची कोष्टके दुसऱ्या देशाने डोळे मिटून घेऊ नयेत, हा धडा त्यांतून कायमचा मिळाला. आरएच घटकाची गोष्ट त्याच जातीची आहे. लँडस्टायनर आणि वीनर यांनी 1940 साली जाहीर केलेला हा घटक युरोपीयांपैकी शेकडा सुमारे 15 जणांत नसतो. आपल्याकडे तो नसलेली माणसे शेकडा 5 च्या आसपास आहेत. म्हणून ‘ओ निगेटिव्ह’ रक्त लंडनच्या रक्तपेढीत जितके हाताशी असते, तितके ते कलबुर्गीच्या रक्तपेढीत असू शकत नाही.

निजामाच्या मुलखात हे नवे शास्त्र कोणत्या भाषेतून शिरले, हे पाहण्यासारखे आहे. हैदराबादेत वैद्यकशाळा 1846 साली निघाली होती. तेथील क्लोरोफॉर्म आयोगांनी 1888 व 1889 साली हैदराबादचे नाव युरोपच्या वैद्यक मासिकांपर्यंत नेले. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याने एक असे धाडस केले की ज्याचे मोल मराठी माणसाने तरी कमी लेखू नये: उच्च शिक्षण, त्यात वैद्यकही, देशी भाषेतून द्यावयाचे. ती देशी भाषा उर्दू होती. विद्यापीठाच्या भाषांतरखात्याने, म्हणजे दारुल तर्जुमाने, शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले आणि त्यांसाठी अरबी-फारसी धातूंवरून शेकडो पारिभाषिक शब्द घडविले. भालकी किंवा आळंदच्या मराठी घरातील मुलगा आईशी मराठीत बोले, बाजारात कन्नड बोले, कचेरीत उर्दू लिही आणि डॉक्टर व्हावयाचे तर शरीरशास्त्रही उर्दूतूनच घोकी. ज्या भाषेत रयतेचा निम्म्याहून अधिक भाग बोलत नव्हता ती भाषा लादलेली होती, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो सोडीत नाही. परंतु आधुनिक वैद्यक परदेशी भाषेवाचून शिकविता येते, हे ज्यांनी करून दाखविले त्यांत उस्मानियाचे नाव पहिल्या ओळीत आहे. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी झाले, आणि तो सारा शब्दसंग्रह काही वर्षांतच अडगळीत गेला.

त्याच सुमारास मुंबईत एक निराळे काम चालू होते. वसंत रामजी खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांचे रक्तगट व इतर आनुवंशिक गुण तपासून 1949 च्या सुमारास आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात जातीची नोंद खानेसुमारीच्या रकान्यात होत असे, ती आता परीक्षानळीतही होऊ लागली. पुढे इरावती कर्वे यांनी मल्होत्रांसह महाराष्ट्रातील आठ अंतर्विवाही गटांची तुलना 1968 साली मांडली, तिच्यातही रक्तगट हे एक प्रमाण होते. अशी ही शांतपणे चाललेली मोजणी असताना, 1952 च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या इंग्रज वैद्यक साप्ताहिकात एक लहानसा लेख आला. त्याच्या लेखकांत वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया ही मुंबईची नावे होती, आणि सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स ही लंडनची. विषय होता मुंबईत सापडलेल्या तीन माणसांच्या रक्ताचा.

त्या रक्तात असे काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या निबंधाचा सारा भार त्या एका गोष्टीवर आहे. लाल पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. प्रथम एक पायाभूत द्रव्य तयार होते, त्याला एच म्हणतात. फ्युकोज नावाची शर्करा साखळीच्या टोकास जोडली गेली म्हणजे एच सिद्ध होते. त्या पायावर ए गटाच्या माणसात आणखी एक शर्करा चढते, बी गटाच्या माणसात दुसरीच एक चढते, एबी गटात दोन्ही चढतात आणि ओ गटात काहीच चढत नाही. म्हणजे ओ हा रिकामा गट नव्हे. त्याच्यापाशी उघडा पाया असतो, किंबहुना एच हे द्रव्य सर्वांत भरपूर ओ गटाच्या पेशींवरच असते. मुंबईच्या त्या तिघांच्या पेशींवर हा पायाच नव्हता. ए नाही, बी नाही आणि एचही नाही. निसर्गाचा नेम असा, की जे द्रव्य आपल्या पेशींवर नसते त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आपल्या रक्तरसात बहुधा आपोआप असतात. त्यामुळे त्या तिघांच्या रक्तरसात ए, बी आणि एच या तिन्हींचे वैरी हजर होते. ओ गटाचे रक्त, जे साऱ्या जगाला चालते असे आपण मुलांना शिकवितो, ते या माणसांच्या शरीरात गेले असता क्षणात फुटू लागते. त्यांना केवळ त्यांच्यासारख्याचेच रक्त चालते. या गटालाच मुंबई गट म्हणतात.

आता यातील खरा धोका पाहा. काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन त्यांत निळे अँटी-ए आणि पिवळे अँटी-बी घातले, की या माणसाचे रक्त कोठेही गोळा होत नाही. तपासनीस निःशंकपणे ‘ओ’ लिहितो. कागद खरा दिसतो आणि खोटा असतो. एवढ्यावर न थांबता रोग्याचा रक्तरस घेऊन तो ज्ञात पेशींवर पाहावा, असा नियम आहे. न्यायालयातला शब्द येथे चपखल बसतो म्हणून मी त्याला उलटतपासणी म्हणतो. परंतु ही उलटतपासणी केवळ ए व बी पेशींवर केली तरीही फसगत टळत नाही, कारण ओ माणसाचा रक्तरसही त्या दोहोंना गोळा करतोच. तिसऱ्या नळीत ओ गटाच्या पेशी ठेवण्याची तोशीस घेतली तरच साक्षीदार उघडा पडतो: खऱ्या ओ माणसाच्या रक्तरसात ओ पेशी निवांत राहतात, मुंबई गटाच्या रक्तरसात त्यांच्याही गुठळ्या होतात. तेथेही चूक झाली तर शेवटचा पहारा क्रॉसमॅचचा, म्हणजे दाता आणि रोगी यांच्या रक्ताच्या प्रत्यक्ष जुळणीचा. पेढीतील एकामागून एक ओ पिशव्या जुळेनाशा झाल्या म्हणजे जाणत्याच्या मनात मुंबईचे नाव आले पाहिजे. ज्याला ते येत नाही तो पिशव्यांना दोष देत बसतो, आणि तेवढ्यात टेबलावरच्या बाळंतिणीचा वेळ संपत येतो.

या गटाने आनुवंशशास्त्रालाही एक कोडे सोडवून दिले. आई-बापांपैकी एकाचा गट ओ आणि मूल एबी, हे पुस्तकाप्रमाणे अशक्य. त्यावरून घरात संशयाचे वादळ उठू शकते. परंतु आई मुंबई गटाची असेल तर तिच्याजवळ ए किंवा बी यांचे बीज असूनही पाया नसल्यामुळे ते प्रकट होत नाही, आणि बापाकडून पाया मिळालेल्या मुलात तेच बीज उघड होते. 1955 साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी एका इटालियन कुळातील स्त्रीच्या बाबतीत नेमके हे दाखविले. एच आणि एबीओ ही दोन निरनिराळी बीजे आहेत, हे त्यातून पक्के झाले. एका निरपराध स्त्रीच्या चारित्र्याची ग्वाही रक्तशास्त्राने द्यावी, हे मला त्या साऱ्या संशोधनातील सर्वांत मोठे माणुसकीचे फळ वाटते.

1957 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगटांचे संदर्भकेंद्र काढले. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील ती संस्था आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून काम करते. भाटिया आणि साठे यांनी 1974 साली मुंबईतील प्रमाण काढले, ते सुमारे 7,600 माणसांत एक असे आले. युरोपात ते दहा लाखांत एक मानले जाते. 1988 साली साठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतभरच्या 179 मुंबई गटाच्या व्यक्तींची प्रांतवार मोजदाद छापली. तीत महाराष्ट्राच्या 112, कर्नाटकाच्या 14 आणि आंध्र प्रदेशाच्या 8 होत्या. महाराष्ट्राचा आकडा इतका मोठा असण्याचे एक कारण प्रयोगशाळा मुंबईत होती हेही आहे. जेथे शोधणारा बसलेला असतो तेथे सापडते. परंतु तेवढ्याने सारा उलगडा होत नाही, कारण पश्चिम व दक्षिण भारतात हा गट अधिक आढळतो ही गोष्ट पुढील पाहण्यांनीही धरून ठेवली आहे.

या यादीकडे बीदरचा माणूस जरा निराळ्या नजरेने पाहील. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले, तेव्हा त्याचा जिल्हाही तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात राहिले, आणि जहिराबाद व नारायणखेड आंध्रात. गुलबर्ग्याचे कोडंगल व तांडूर हेही आंध्रात गेले. ज्या तीन राज्यांना हे तुकडे मिळाले तीच तीन राज्ये 1988 च्या त्या यादीत ठळकपणे दिसतात. यावरून बीदरविषयी काही सिद्ध होत नाही, आणि तसा दावा करणे गैर होईल. परंतु अशा यादीत भालकीचा मराठी माणूस कर्नाटकाच्या रकान्यात पडतो आणि उदगीरचा त्याचा सख्खा मामा महाराष्ट्राच्या, हे कोणत्याही कोष्टकाचा अर्थ लावताना ध्यानी ठेवले पाहिजे. जमीनमहसुलाची जमाबंदी करणाऱ्याला सरहद्द लागते. आनुवंशाची जमाबंदी करणाऱ्याने सोयरीक कोठवर जाते ते पाहावे.

आणि या भागातील सोयरिकीची एक विशेष रीत आहे. इरावतीबाईंनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हटले, त्याची खूण बीदर-कलबुर्गीत घरोघर दिसते. मराठी घरांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. शेजारच्या कन्नड व तेलुगू घरांत मामाने ‘अक्कन मगळु’, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी करावी हाही मान्य रिवाज आहे. शेती फुटू नये, मुलगी परक्यात पडू नये, हुंड्याची ओढाताण होऊ नये, अशी त्याची कारणे व्यवहारातील होती आणि ती समजण्याजोगी आहेत. परंतु मुंबई गटासारखा गुण हा दोन्ही बाजूंनी तेच सुप्त बीज आले तरच प्रकट होतो, आणि आजोबांचे एकच बीज आते-मामे नात्यातून दोन वाटांनी एका नातवंडात येऊन मिळण्याचा संभव परक्या घरांतील विवाहापेक्षा कितीतरी अधिक असतो. मुंबई गटाच्या व्यक्तींच्या आईबापांत असे नाते वारंवार आढळले आहे. या रिवाजाला मी येथे दोष देत नाही. ज्या इलाख्यात तो आहे तेथील रक्तपेढीने तिसरी नळी कधीही गाळू नये, एवढेच त्यावरून माझे म्हणणे आहे.

आता या विद्येच्या शिक्षणाकडे वळतो. गुलबर्ग्यास 1963 साली हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्थेने महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा या भागातील मुलाला डॉक्टर होण्यासाठी हैदराबाद किंवा औरंगाबाद गाठण्याची सक्ती प्रथमच सुटली. पुढे कलबुर्गीत आणखी महाविद्यालये झाली, बीदरलाही सरकारी वैद्यक संस्था आली. 98 व्या घटनादुरुस्तीने कलम 371-जे घटनेत घातले, त्यामुळे या जिल्ह्यांतील स्थानिक दाखला असलेल्या मुलांसाठी जागा राखल्या जाऊ लागल्या. बीदर शहर तर आज नीट परीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरच्या मुलांनी भरलेले असते, आणि सरहद्दीपलीकडे लातूरची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. भाषेचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. 2017 पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीत निघते, पण ती महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळते. कर्नाटकातील केंद्रावर कन्नड मिळते, आणि इंग्रजी, हिंदी व उर्दू सर्वत्र. औरादच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला आपल्या भाषेत प्रश्न वाचावयाचा असेल तर तिने उदगीर-लातूरकडचे केंद्र मागावे. ज्या बीदरकरांना एके काळी वैद्यकासाठी उर्दू सक्तीची होती, त्यांना आज आपल्या केंद्रावर उर्दू प्रश्नपत्रिका मिळते, मराठी मिळत नाही.

परंतु भाषा कोणतीही असो, घोकले जाते ते एकच कोष्टक. ओ हा सार्वत्रिक दाता, एबी हा सार्वत्रिक ग्राही. चार उभे रकाने, चार आडवे, खुणा आणि फुल्या. वैद्यक प्रवेशाला हेच, नर्सिंगला हेच, प्रयोगशाळा-तंत्रज्ञाच्या पदविकेला हेच. त्यात खोटे काही नाही, पण ते अर्धे आहे. लाल पेशी द्यावयाच्या असतात तेव्हाच ते सरळ लागू पडते. नुसता रक्तद्रव द्यावयाचा असेल तर ते पुरते उलटते: तेथे एबी सर्वांना चालतो आणि ओ चा रक्तद्रव केवळ ओ ला. ज्या विद्यार्थ्याला याचे कारण, म्हणजे पेशींवरील द्रव्य आणि रक्तरसातील प्रतिद्रव्य यांचे वैर, खरोखर कळले आहे, त्याला दोन कोष्टके पाठ करावी लागत नाहीत. एकही लागत नाही. तो पाच मिनिटांत ती कागदावर मांडून दाखवितो आणि मुंबई गटाची पाचवी ओळही आपणच काढतो. ज्याने नुसते पाठ केले तो परीक्षेत उत्तीर्ण होतो, आणि रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यात ‘ओ आहे, काहीही चालेल’ असे उलटे बोलून जातो. ओ रुग्णाला काहीही चालत नाही. त्याला फक्त ओ चालतो, आणि तोही खरोखर ओ असल्यास.

म्हणून बीदर-कलबुर्गीतील माझ्या तरुण वाचकांना, विशेषतः पुढे सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या तंत्रज्ञांना आणि रोग्याच्या उशाशी पिशवी लावणाऱ्या परिचारिकांना, एक विनंती आहे. उलटतपासणीत ओ पेशींची नळी ठेवा. पिशवीवरचा क्रमांक आणि रोग्याचे नाव दोघांनी मोठ्याने वाचून ताडून पाहा. आणि कधी तुमच्यासमोर मुंबई गटाचा रोगी आला, तर दूरच्या शहरांतील दात्यांच्या याद्या चाळण्याबरोबरच त्याच्या घरी माणूस धाडा. त्याचे आईबाप बहुधा साध्याच गटाचे असतील आणि त्यांचे रक्त त्याला चालणार नाही, परंतु त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याचा संभव चारांत एक इतका असतो.